चाळीचा जमाखर्च

घर बांधून भाड्याने द्यावं आणि उतारवयात त्या भाड्यावर निवांत बसावं, हे स्वप्न काही आजचं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मुंबईत ज्यांच्या गाठीला पैसा होता, ते गिरण्यांच्या आसपास जागा बघून चाळी बांधत. आज भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घेणाऱ्यांनी त्या चाळींचा जमाखर्च एकदा तरी पाहावा.

मालकाचा हिशेब सोपा होता. जमीन महाग, तेव्हा तिच्यावर जास्तीत जास्त खोल्या बसवायच्या. नळ आणि संडास सगळ्यांना मिळून, दोन चाळींच्या मध्ये जेमतेम घरगल्ली. खोली रिकामी राहतच नसे. मग उजेडासाठी जागा सोडून भाडं कोण बुडवणार?

१८९६ साली प्लेग आला आणि हिशेब फिरला. अधिकाऱ्यांनी ऊन आत यावं म्हणून छपरांची कौलं उतरवली. काही घरांवर 'यू.एच.एच.', म्हणजे 'माणसाच्या वस्तीला अयोग्य', अशी अक्षरं रंगवली. लोक गावाकडे पळाले. बांधताना वाचवलेला पैसा असा वसूल झाला.

१८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेड-वाऱ्यासाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. सोप्या भाषेत, इमारतीच्या उंचीच्या निम्म्याइतकी रुंद मोकळी जागा खिडकीसमोर हवी. आरोग्य सुधारणार, पण मोकळी जागा भाडं देत नाही, ही मालकांची अडचणही खरीच होती.

मग १९२० मध्ये सरकार स्वतःच उतरलं. डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे बी.डी.डी.ने, सिमेंट-काँक्रीटच्या भक्कम चाळी बांधायला घेतल्या. बेत पन्नास हजार खोल्यांचा होता. महायुद्धानंतरच्या महागाईत खर्च वाढला आणि सुमारे सोळा हजारांवरच काम थांबलं. पदरचे पैसे घालून भाडं कमी ठेवलं, तरी वरळीच्या कित्येक खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या होत्या. भिंत मजबूत होती, पण भाडेकरूची ऐपत आणि त्याची गिरणीपर्यंतची पायपीट हिशेबात नीट धरली नव्हती.

तिसरा धडा भाडेनियंत्रणाचा. १९४७ च्या कायद्याने बहुतेक जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. त्याने लाखो कुटुंबांचं छप्पर वाचलं, हे विसरता येत नाही. पण गवंड्याची मजुरी मात्र कुणी बांधली नव्हती. मालकाने दुरुस्तीतून हात काढला, पावसाळ्यात चाळी कोसळू लागल्या आणि १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापन करावं लागलं. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढ दिली. तोवर अनेक इमारती दुरुस्तीपलीकडे गेल्या होत्या.

म्हणून घर घेताना तीन आकडे एकाच कागदावर मांडावेत: घराची किंमत, त्या वस्तीतल्या माणसाला झेपेल असं भाडं आणि दरवर्षी दुरुस्तीसाठी बाजूला काढायची रक्कम. चाळमालकाने पहिलाच आकडा पाहिला, बी.डी.डी.चा अंदाज दुसऱ्यावर चुकला आणि भाडेनियंत्रणाच्या कायद्याला तिसऱ्याचा विसर पडला. तिन्ही वेळा गळक्या किंवा रिकाम्या खोलीच्या रूपाने त्याची भरपाई कुणाला तरी करावी लागली; बहुतेक वेळा ती आत राहणाऱ्यानेच केली.