चिंधीची कुळकथा

‘चिंधीगिरी करू नको’ असं शहरातली मुलं आज एकमेकांना सहज म्हणतात. क्षुद्रपणा, चिक्कूपणा करू नको, एवढाच अर्थ. त्याआधी भुरट्यासाठी ‘चिंधीचोर’ आलाच होता. चिंधीची ही बेअब्रू मला मनापासून खटकते. तिचं कूळ एवढं हलकं नाही.

वऱ्हाडात जुन्या घरांतून चिंधी टाकून देत नसत. लुगडं विरलं की त्याची गोधडी होई. गोधडीही फाटली की उरल्या तुकड्यांतून कंदिलाची काच पुसायची, चुलीवरचं भांडं उतरवायचं, कापलेलं बोट बांधायचं. बोटाला बांधायची चिंधी तर थेट कृष्णापर्यंत पोचते. लोककथेत त्याचं बोट कापतं; सख्ख्या बहिणीच्या, सुभद्रेच्या भरल्या घरात एक चिंधी मिळत नाही, आणि द्रौपदी अंगावरचं भरजरी वस्त्र फाडून देते. भर सभेत तिला पुरवलेली वस्त्रं ही त्याच चिंधीची परतफेड, असं आपल्या आज्या सांगत आल्या. इथे चिंधी भरजरीची आहे, हे विसरू नये.

तिचा दुसरा मान मूर्तिजापूर तालुक्यातला. हा कापसाचा मुलूख. मूर्तिजापुराहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला रेल्वे किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने घातली, ती इथला कापूस मुंबईमार्गे विलायतेच्या गिरण्यांना मिळावा म्हणून. कापूस वेचणारीच्या लुगड्याला मात्र ठिगळं.

याच तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी डेबूजी झिंगराजी जाणोरकर वाढले. जन्म १८७६चा, शेंडगावचा, जात परिटाची. स्वच्छ धुऊन इस्त्री केलेल्या कपड्यांना मराठी ‘परीटघडी’ म्हणते, ती ज्यांच्या कष्टावरून, त्या घरचा हा मुलगा. १९०५ साली त्यांनी घर सोडलं आणि अंगावर चढवलं ते तुकडे जोडलेलं गोधडीसारखं वस्त्र. हातात खराटा आणि फुटकं गाडगं. दिवसा गाव झाडायचा, रात्री कीर्तनातून माणसांची डोकी. कपडे पाहून माणूस जोखणाऱ्या समाजापुढे ते जाणूनबुजून चिंध्यांत उभे राहिले, असं मी मानतो. परिटाच्या मुलाला कपड्याची किंमत कुणी शिकवायला नको होती.

कुणी त्यांना गोधडे महाराज म्हणे, कुणी चिंधेबुवा. मूर्तिजापुरात त्यांनी धर्मशाळा बांधली, गोरक्षण उभं केलं. पंढरपूर, नाशिकलाही धर्मशाळा झाल्या. देणग्या येत गेल्या, अंगावरचं वस्त्र तेच राहिलं. १९५६च्या डिसेंबरात ते गेले, तोवर गाडगेबाबा हे नाव सर्वतोमुखी झालं होतं. पुढे अमरावतीच्या विद्यापीठालाही तेच मिळालं. चिंधेबुवा हे नाव मागे पडलं, याची मला हळहळ वाटते.