सुलभ अध्ययनसाहित्य (उच्च शिक्षण)

महाविद्यालये व विद्यापीठे यांतील टिपणे, स्लाइड, ध्वनिचित्रफिती, प्रश्नसंच इत्यादी साहित्य अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, अध्ययन-अक्षम अशा सर्वच विद्यार्थ्यांना इतरांच्या बरोबरीने वापरता येईल, अशा रीतीने तयार करण्याची पद्धती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव असतात. मात्र प्रवेश मिळूनही वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरची पीडीएफ वाचता येत नसेल, तर ती जागा कागदावरच भरलेली राहते.

मराठीत अडचणीचे मूळ पुष्कळदा टंकनात असते. श्रीलिपी, आयएसएम यांच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो. संगणकात साठतात ती मात्र रोमन अक्षरे व चिन्हे. एनव्हीडीए, जॉज यांसारखे स्क्रीन रीडर तीच वाचून दाखवतात आणि ऐकणाऱ्याला काही बोध होत नाही. मोबाइलने फोटो काढून केलेली पीडीएफ म्हणजे तर नुसते चित्र. युनिकोडमध्ये टाइप करावे आणि मूळ वर्ड फाइलही द्यावी, एवढ्याने बरेच काम भागते. प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाची सुरुवात इथूनच व्हावी. कायद्याची कलमे नंतर शिकवली तरी चालतात.

शीर्षके नुसती ठळक न करता वर्डमधील ‘हेडिंग’ शैलीने द्यावीत, म्हणजे ऐकणाऱ्याला एका शीर्षकावरून थेट पुढच्यावर जाता येते. आकृतीला पर्यायी मजकूर हवा. ‘आकृती ३’ एवढेच लिहिणे निरुपयोगी. ‘महाबळेश्वरहून पूर्वेला वाईकडे येताना पाऊस झपाट्याने घटतो’ असे लिहिले की आलेखाचा आशय पोचतो. नेहमीच्या आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांतील प्रकाशभेद डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांच्या ‘एए’ पातळीनुसार किमान ४.५ : १ असावा. चित्रफितींना उपशीर्षके द्यावीत. यंत्राने केलेल्या उपशीर्षकांतील पारिभाषिक शब्द तपासून घ्यावेत.

दुसऱ्याच्या पुस्तकाची सुलभ प्रत करताना स्वामित्वहक्काचा धाक वाटतो, पण तो अनाठायी आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमाने दिव्यांग व्यक्तींच्या शैक्षणिक वापरासाठी अशी प्रत करण्यास मुभा दिली आहे. याच विषयावरील २०१३ च्या मराकेश कराराला अनुसमर्थन देणारा पहिला देश भारत होता (२०१४). पुस्तक स्कॅन करायला घेण्यापूर्वी ‘सुगम्य पुस्तकालय’ या २०१६ मध्ये सुरू झालेल्या ऑनलाइन ग्रंथालयात त्याची सुलभ प्रत आहे का, हे अवश्य पाहावे.