क्रॉप वॉक: पिकाचा आणि चालण्याचा काय संबंध?



ऑफिसातल्या एका मित्राच्या चर्चने यंदा भुकेल्यांसाठी 'क्रॉप हंगर वॉक' काढला, आणि हिशेबाची एक्सेल शीट माझ्या गळ्यात पडली. (आयटीवाला दिसला की लोक हेच देतात!) क्रॉप म्हणजे पीक. मग चालायचं कशाला? म्हणून जरा खोदलं.

१९४७ साली युरोप युद्धातून सावरत होता. 'चर्च वर्ल्ड सर्व्हिस'ने कॅथलिक आणि लुथेरन संस्थांबरोबर 'ख्रिश्चन रूरल ओव्हरसीज प्रोग्राम' काढला. त्याची आद्याक्षरं क्रॉप. मिडवेस्टच्या शेतकऱ्यांकडे धान्य होतं, त्यांनी तेच दिलं. चालणं आलं नंतर. १७ ऑक्टोबर १९६९ला नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कमध्ये हजारेक लोक चालले आणि २५,००० डॉलर जमले. ज्याच्याकडे शेत नाही त्याने पाय द्यायचे, ओळखीच्यांनी पैसे. मला तर आपली वारीच आठवली, फक्त इथे पावती फाडतात.

जमलेल्या पैशातला पाव हिस्सा त्याच गावातल्या भुकेल्यांसाठी राहतो. हे मला माहीत नव्हतं, म्हणून शीटमधला 'लोकल' कॉलम मी चूक समजून उडवला होता! मित्र काही बोलला नाही, गाडीत घालून फूड पँट्रीवर घेऊन गेला. माझ्या अपार्टमेंटपासून दहा मिनिटं. रांग बाहेरपर्यंत.

आजीला फोनवर सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या अमेरिकन लाल मिलोच्या नावाने ती अजून नाक मुरडते. "अमेरिकेत? उपाशी?" असं तिने तीनदा विचारलं.

कॉलम परत टाकलाय.

चूभूद्याघ्या.