ग्रेट ऑर्म तांब्याची खाण

ग्रेट ऑर्म तांब्याची खाण ही युनायटेड किंग्डमच्या वेल्स प्रांतातील लँडुडनो शहराजवळ असलेली कांस्ययुगीन खाण आहे. ग्रेट ऑर्म हे आयरिश समुद्रात शिरलेले चुनखडकाचे भूशिर असून त्याची उंची २०७ मीटर आहे. येथील तांब्याचा साठा आधुनिक मापाने लहान असला, तरी इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात ब्रिटनमधील तांब्याचा तो एक प्रमुख स्रोत होता.

भूशास्त्र

भूशिराचा खडक कार्बोनिफेरस कालखंडात उथळ, उष्ण समुद्रात साचला. त्यात चुनखडकासोबत पंकाश्म व वालुकाश्माचे पातळ थर आढळतात. पुढे हे थर दुमडले व भंगले. भेगांमधून वर आलेल्या खनिजयुक्त उष्ण द्रावणांमुळे चुनखडकाच्या काही भागाचे डोलोमाइटमध्ये रूपांतर झाले आणि मुख्यत्वे उत्तर-दक्षिण दिशेच्या शिरांमध्ये चाल्कोपायराइट हे तांबे व लोहाचे सल्फाइड साचले.

भूपृष्ठालगत पाणी व हवा यांच्या प्रभावाने चाल्कोपायराइटचे विघटन होऊन हिरवे मॅलाकाइट, थोडे निळे अझुराइट आणि तपकिरी गोएथाइट तयार झाले. शिरांलगतचा डोलोमाइटही कुजून मऊ पडला. त्यामुळे धातूची हत्यारे नसतानाही खडक फोडणे शक्य झाले. मॅलाकाइटमध्ये गंधक नसल्याने त्यातून तांबे काढणेही तुलनेने सोपे असते.

कांस्ययुगीन खाणकाम

खाणकामाचा प्रारंभ इ.स.पू. १७०० च्या सुमारास झाला. आरंभी उघड्यावर दिसणाऱ्या शिरा खोदल्या गेल्या व नंतर त्यांचा माग घेत बोगदे खणले गेले. कठीण खडक आगीने तापवून तडकवला जाई. उत्खननात ३०,००० हून अधिक हाडे व हाडांची हत्यारे आणि सुमारे २,४०० दगडी हातोडे मिळाले आहेत. हाडे मुख्यतः गुरांची असून तांब्याच्या क्षारांमुळे त्यांपैकी अनेकांना हिरवा रंग चढला आहे. आतापर्यंत सुमारे ८ किलोमीटर लांबीच्या बोगद्यांचे सर्वेक्षण झाले असून प्राचीन काम सुमारे ७० मीटर खोलीपर्यंत पोहोचले होते. काही बोगदे इतके अरुंद आहेत, की त्यांत केवळ लहान मुलेच शिरू शकली असती. त्यावरून या श्रमात मुलांचाही सहभाग होता, असे संशोधक मानतात.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात येथील खनिजातील आर्सेनिक व निकेल यांचे अंश आणि शिशाची समस्थानिके यांची तुलना कांस्य वस्तूंशी करण्यात आली. त्यानुसार इ.स.पू. १६०० ते १४०० हा खाणीच्या भरभराटीचा काळ होता. या काळात येथील तांबे ब्रिटनभर वापरले गेले, तसेच फ्रान्समधील ब्रिटनीपासून बाल्टिक प्रदेशापर्यंत पोहोचले. समृद्ध, मऊ खनिज संपत आल्यावर उत्पादन झपाट्याने घटले आणि अरुंद शिरांमधील किरकोळ काम पुढे अनेक शतके चालू राहिले. भूशिरावरील पेंट्रविन येथे इ.स.पू. ९०० च्या सुमारास तांबे वितळवल्याचे अवशेष सापडले आहेत.

आधुनिक काळातील खाणकाम

इ.स. १६९२ मध्ये खाणकाम पुन्हा सुरू झाले व एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते शिखरावर पोहोचले. काम समुद्रसपाटीच्या खाली गेल्याने पाण्याचा उपसा ही मोठी अडचण ठरली. १८३२ मध्ये उपशासाठी वाफेचे इंजिन बसवण्यात आले, तर १८४२ मध्ये पेनमॉर्फा येथून निचऱ्याचा बोगदा खणण्यात आला. तथापि १८५० च्या दशकानंतर मोठ्या प्रमाणावरील उत्पादन थांबले आणि १८८१ मध्ये खाण बंद पडली.

पुनर्शोध व संवर्धन

एकोणिसाव्या शतकातील कामगारांना खोदताना जुन्या पोकळ्या व दगडी हातोडे आढळत असत. हे काम रोमन काळातील असावे, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. १९७० च्या दशकात कोळशाच्या नमुन्याच्या कार्बन कालमापनातून ते कांस्ययुगीन असल्याचे प्रथम दिसून आले. १९८७ मध्ये परिसराच्या सुशोभीकरणापूर्वी केलेल्या पाहणीत जुन्या कचऱ्याच्या ढिगांखालील प्राचीन खाणीचा विस्तार उघडकीस आला. १९९१ मध्ये खाणीचा काही भाग पर्यटकांसाठी खुला करण्यात आला.