व्हर्च्युअल मशीनच्या होस्ट सर्व्हरवरील बॅकअप का रखडतो?

होस्ट सर्व्हरवरील व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप रात्री दहाला सुरू होऊन पहाटे चारपर्यंत संपतो, अशी घडी बसलेली असते. आणि एखाद्या आठवड्यापासून तोच बॅकअप कचेरी उघडल्यावरही चालूच राहतो. अहवालात चूक नोंदलेली नसते, काम यशस्वी झाल्याची हिरवी खूणही उमटलेली असते. त्यामुळे पहिली तक्रार बॅकअपविषयी येतच नाही. ती सकाळी हिशेबाची प्रणाली रखडते अशी येते. मग कोणीतरी बॅकअप ‘तात्पुरता’ बंद करतो. त्या काळात डिस्क बिघडली किंवा खंडणीखोर विषाणूने फायली कुलूपबंद केल्या, तर परत आणायला ताजी प्रत उरत नाही.

निदानाची सुरुवात तर्काने नव्हे, साध्या गणिताने करावी. १ गिगाबिट जोडणीतून सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट जाऊ शकतात. प्रत्यक्षात ११० मिळाल्यास समाधान मानावे. या वेगाने १ टेराबाइट न्यायला सुमारे अडीच तास लागतात. वेग नेमका ११ मेगाबाइटच्या आसपास अडकला असेल, तर अन्यत्र शोधण्याआधी केबल पाहावी. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एखादी तार तुटली, तर जोडणी बंद न पडता खालच्या वेगावर उतरते आणि त्याच १ टेराबाइटला पुरा दिवस लागतो.

आकडा असा बोलका नसेल, तर साखळीचे चार दुवे वेगळे करावेत: होस्टच्या डिस्कवरून वाचन, संक्षेपण व प्रक्रिया, नेटवर्क आणि बॅकअपच्या साठ्यावर लेखन. वीमसारखी साधने कोणता दुवा किती टक्के व्यग्र होता ते अहवालातच सांगतात, पण तो रकाना फारसा कोणी वाचत नाही. अशी सोय नसल्यास नेटवर्क आयपर्फने आणि डिस्क डिस्कस्पीड किंवा एफआयओने स्वतंत्रपणे मोजावी. मोठी फाइल इकडून तिकडे नेऊन वेग ठरवू नये. मधली कॅश फसवते. या मोजणीवाचून अनेक ठिकाणी १० गिगाबिटचे स्विच विकत घेतले जातात आणि बॅकअप होता तसाच राहतो. आडातच नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार?

वाचनाचा दुवा मंद दिसल्यास पहिला प्रश्न असा की, बॅकअप खरोखर बदललेलेच ब्लॉक वाचतो आहे का? हायपर-व्हीमध्ये बदलांची नोंद ठेवणारी आरसीटी ही सोय विंडोज सर्व्हर २०१६ पासून आली. मात्र २०१२ आर-२ वरून आणलेली मशीन आपली जुनी ५.० ही संरचना-आवृत्ती घेऊनच येतात, आणि ती वाढवल्याशिवाय ही सोय त्यांना लागू होत नाही. आवृत्ती वाढवण्यासाठी मशीन बंद करावे लागते आणि नंतर मागे फिरता येत नाही. म्हणून जुन्या होस्टवर परतण्याची शक्यता उरलेली नाही याची आधी खात्री करावी. प्रॉक्समॉक्समध्ये हीच नोंद चालू मशीनच्या स्मृतीत असते. मशीन पूर्ण बंद करून सुरू केले की ती पुसली जाते आणि पुढच्या वेळी सगळी डिस्क पुन्हा वाचली जाते. महिन्यातून एकाच रात्री बॅकअप लांबत असेल, तर ती रात्र अपडेटनंतरची आहे का ते पाहावे.

अर्धवट राहिलेले चेकपॉइंट हे दुसरे कारण. एव्हीएचडीएक्स फायलींची साखळी वाढत गेली की प्रत्येक वाचन अनेक फायलींतून फिरते. त्या फायली हाताने कधीही पुसू नयेत. चेकपॉइंट व्यवस्थापकातूनच विलीन करावेत आणि त्याआधी डिस्कवर मोकळी जागा आहे ना, ते बघावे.

सर्वांत लबाड कारण मात्र रेड कंट्रोलरच्या बॅटरीचे. बॅटरी क्षीण झाली की कंट्रोलर सावधगिरीने राइट-बॅक सोडून राइट-थ्रू पद्धतीवर जातो. लेखन कॅशमध्ये न थांबता थेट डिस्कवर जाते आणि वेग कोसळतो. विंडोजमध्ये याची चाहूलही बहुधा लागत नाही. कंट्रोलरचे स्वतःचे साधन उघडूनच पाहावे लागते. बॅटरीची स्वपरीक्षा चालू असतानाही काही कंट्रोलर हेच करतात, आणि मग संथपणा एक-दोन दिवसांत आपोआप नाहीसा होऊन तपास करणारा बुचकळ्यात पडतो.

बॅकअपच्या साठ्यावर एसएमआर प्रकारच्या डिस्क असल्यास पहिले काही गिगाबाइट झरझर जातात आणि पुढे वेग ढेपाळतो. उलट-वाढीव पद्धतीत प्रत्येक बदललेल्या ब्लॉकसाठी एक वाचन व दोन लेखने होतात; थोड्या फिरत्या डिस्क असलेल्या नॅसला ती झेपत नाही, सरळ-वाढीव पद्धत घ्यावी. अँटिव्हायरसच्या तपासणीतून व्हीएचडीएक्स फायली वगळणे तर प्राथमिकच.

होस्ट पुण्यात आणि वेळापत्रक न्यू जर्सीच्या घड्याळाचे, अशी व्यवस्था आपल्यापैकी अनेकांच्या कंपन्यांत आहे. तिथले रात्रीचे दहा म्हणजे उन्हाळ्यात भारतातले सकाळचे साडेसात आणि नोव्हेंबरात घड्याळ मागे गेल्यावर साडेआठ. बॅकअप तेवढा कामाच्या वेळेत सरकतो आणि दोष सर्व्हरला दिला जातो. (दुबईकरांचे अंतर बारमाही दीड तासाचे, त्यांना ही कटकट नाही.) वेळापत्रक होस्टच्या स्थानिक वेळेनुसारच लावावे.

दूरदेशी प्रत पाठवताना बँडविड्थपेक्षा विलंब अधिक नडतो. फेरीला २०० मिलिसेकंद लागत असतील आणि टीसीपी विंडो ६४ किलोबाइटची असेल, तर एका प्रवाहात सेकंदाला सुमारे ३२० किलोबाइटच जातात, जोडणी कितीही रुंद असो. त्या वेगाने १ टेराबाइटला महिना पुरत नाही. आजच्या कार्यप्रणाली विंडो आपोआप वाढवतात, पण वाटेतला एखादा जुना फायरवॉल तो पर्याय काढून टाकू शकतो. समांतर प्रवाह वाढवून पाहिल्यास वेग त्याच प्रमाणात वाढतो का, यावरून हे ताडता येते.

दुरुस्तीनंतर एक मशीन वेगळ्या नावाने, नेटवर्क तोडून, पूर्ण परत आणून वेळ लिहून ठेवावी. पुनरावृत्ती गाळून ठेवलेल्या साठ्यातून वाचन विखुरलेले होते, त्यामुळे दोन तासांत घेतलेली प्रत परत यायला सहा तासही लागू शकतात. आणि व्यवस्थापनाला सांगायचा आकडा हा दुसरा असतो.