भिंतीवरचे कुरण आणि दारातला माळ

आपल्या अनेक ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर उत्तम मेंढपाळाचे चित्र असते. त्यात हिरवेगार कुरण, संथ ओढा आणि गुबगुबीत पांढऱ्या मेंढ्या दिसतात. घोडनदीकाठच्या शिरूरपासून भीमाकाठच्या दौंडापर्यंतचा मुलूख मात्र निराळा. दिवाळी सरली की येथील गवत पिवळे पडते, बाभळीची सावली विरळ होते, धनगराच्या मेंढ्या काळ्या आणि राठ लोकरीच्या. मग आपल्या भिंतीवर परक्या मुलखाचे कुरण कसे आले?

गुराढोरांचे हुबेहूब निसर्गचित्र तैलरंगात रंगविण्याची परंपरा प्रामुख्याने हॉलंडमध्ये बहरली. पाउलुस पॉटर या जेमतेम बाविशीतल्या चित्रकाराने १६४७ साली एका वळूचे जवळजवळ खऱ्या आकाराचे चित्र रंगविले. हेग येथील संग्रहालयात ते आजही पाहावयास मिळते. वळूभोवतीच्या माश्यादेखील त्याने सोडल्या नाहीत. पुढे १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंग भरण्याच्या कथलाच्या नळीचे पेटंट घेतले, आणि तैलरंग घेऊन उघड्या रानात बसणे सोपे झाले. युरोपातील ही हिरवी कुरणे नंतर छापील चित्रांच्या रूपाने आपल्या घरांत पोहोचली.

तैलरंगाची विद्या आपल्याकडे रुजली ती १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेमुळे. तेथे शिकून तेथेच शिक्षक झालेले गोव्याचे कॅथलिक चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांना ‘पूर्वेचे रेम्ब्रां’ म्हणत. रेम्ब्रांही हॉलंडचाच. परंतु त्रिंदाद यांनी विद्या पश्चिमेकडून घेतली, विषय मात्र उसना आणला नाही. आपली पत्नी, आपल्या मुली, भोवतालची साधी माणसे आणि इथला निसर्ग त्यांनी रंगविला. पणजीच्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत त्यांच्या चित्रांचा संग्रह आहे.

हाच धडा घेऊन कोणी शिरूर–दौंडचा माळ रंगवावयास बसला, तर हिरव्या रंगाची नळी त्याला जपूनच वापरावी लागेल. पिवळी माती, गेरू आणि तपकिरी रंग यांवरच त्याची भिस्त राहील. पहिला हात टर्पेंटाइनने पातळ केलेला, वरचे हात जवसाच्या तेलाने अधिकाधिक स्निग्ध. हा क्रम उलटला तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडकतो. खिल्लार बैल पांढरा खरा, पण नुसत्या पांढऱ्या रंगाने तो उभा राहत नाही. त्याच्या पाठीवर आकाशाची निळसर छटा असते, पोटाखाली मुरमाचा तांबूस उजेड. लांब, मागे झुकून वर गेलेली शिंगे, भरदार वशिंड, गळ्याखालची पोळी हे सारे नीट निरखावे लागते. पॉटरच्या वळूला वशिंड नाही. त्याच्यावरून गिरवलेला बैल आपल्या माळावरचा कसा होईल?

हे निरखण्यास आता फार काळ उरलेला नाही. माळांच्या जागी ऊस आला, नांगर ट्रॅक्टरकडे गेला. गोठ्यात काळ्या-पांढऱ्या संकरित गाई आल्या. त्यांचे होल्स्टिन-फ्रिजियन पूर्वज मूळचे हॉलंड आणि उत्तर जर्मनीकडचे. त्यांनी घरोघरी दुधाचा पैसा आणला, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. मात्र खिल्लारांची जोडी दिसण्यासाठी बैलपोळ्याची किंवा शर्यतीची वाट पाहावी लागते, ही खंतही लपवता येत नाही. जे डोळ्यांपुढून सरत आहे, ते निदान चित्रात तरी प्रामाणिकपणे उतरले पाहिजे.

येत्या नाताळात आपली मुले गोठा सजवतील, त्यात बैलही ठेवतील. तो बैल त्यांनी स्वतः रंगवावा, आणि रंगविण्यापूर्वी एकदा माळावर जाऊन वशिंडाचा खरा बैल पाहून यावा, एवढेच आमचे सांगणे.