चौघांचा बीनपॉट

बॉस्टनमध्ये दर फेब्रुवारीच्या पहिल्या दोन सोमवारी चार विद्यापीठांचे आइस हॉकी संघ एका भांड्यासाठी झुंजतात. करंडक चकचकीत धातूचा असला तरी त्याचा घाट मातीच्या मडक्याचा आहे. अशाच मडक्यात न्यू इंग्लंडमधल्या घरांतून मोलॅसिस आणि खारवलेलं डुकराचं मांस घालून पांढरे बीन्स मंद आचेवर तासन्‌तास शिजत. स्पर्धेचं नावही त्यावरूनच पडलं, बीनपॉट. हार्वर्ड, बॉस्टन युनिव्हर्सिटी, बॉस्टन कॉलेज आणि नॉर्थईस्टर्न हे चौघे १९५२ पासून खेळतात. पाचवा कधी आत आला नाही, चौघांतला कुणी बाहेर पडला नाही. पात्रता फेरी नाही आणि जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेशही नाही. कागदावर पाहिलं तर अशी स्पर्धा केव्हाच गुंडाळली जायला हवी होती. उलट ती शहराच्या हिवाळ्याचा भाग होऊन बसली. दारं बंद ठेवल्यामुळेच ती टिकली, असं माझं ठाम मत आहे.

आरंभ अगदी व्यवहारी होता. १९१० साली उघडलेल्या बॉस्टन अरिना या बंदिस्त रिंकच्या नाताळानंतरच्या रिकाम्या तारखा भरायच्या होत्या, म्हणून २६ आणि २७ डिसेंबर १९५२ला चौघांना बोलावलं. हार्वर्डने अंतिम सामन्यात बॉस्टन युनिव्हर्सिटीला ७-४ असं हरवलं. दुसरी स्पर्धा थेट जानेवारी १९५४मध्ये, आणि तीही त्याहून मोठ्या बॉस्टन गार्डनमध्ये झाली. त्या दशकातच तारखा सरकत सरकत फेब्रुवारीत आल्या आणि तिथेच ठरल्या. माझ्या मते या स्पर्धेच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा निर्णय. नाताळात वसतिगृहं ओस पडलेली असतात; फेब्रुवारीत वर्ग चालू असतात, रस्त्यांवर बर्फ साचलेला असतो आणि करमणुकीला दुसरं फारसं काही नसतं. डेट्रॉइटमध्ये १९६५ पासून नाताळच्या सुमारास ग्रेट लेक्स इन्व्हिटेशनल भरत आली. तीही जुनी, मानाची. पण तिथे पाहुणे संघ बदलत राहिले, आणि ऐन त्या दिवसांत उत्तम खेळाडू आपापल्या देशाच्या ज्युनियर संघांतून जागतिक स्पर्धेला गेलेले असतात. अलीकडे तिला डेट्रॉइट सोडून ग्रँड रॅपिड्सला जावं लागलं. बीनपॉटचे चारही संघ मात्र शहराच्या लोकल रेल्वेवरच राहतात. ग्रीन लाइनची एक शाखा कॉमनवेल्थ अ‍ॅव्हेन्यूवर बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या दारावरून जाते आणि थेट बॉस्टन कॉलेजपाशी संपते. दुसरी शाखा नॉर्थईस्टर्नला जाते, आणि हार्वर्ड नदीपलीकडे रेड लाइनवर आहे. सोमवारी रात्री हरलेला आणि जिंकलेला मंगळवारी सकाळी एकाच डब्यात उभे असू शकतात. राष्ट्रीय स्पर्धेतला पराभव हजार मैलांवरच्या अनोळखी गावात होतो, तो असा रोज समोर येत नाही.

शहर आणि स्पर्धा यांच्यातल्या या बांधिलकीची कसोटी ६ फेब्रुवारी १९७८ला लागली. पहिल्या फेरीच्या दिवशीच न्यू इंग्लंडवर महाभयंकर हिमवादळ आलं आणि बॉस्टनमध्ये सुमारे २७ इंच बर्फ पडला. शहराभोवतीच्या महामार्गावर हजारो मोटारी गाडल्या गेल्या. गार्डनमध्ये मात्र बॉस्टन युनिव्हर्सिटी आणि बॉस्टन कॉलेज यांचा सामना चालूच होता. घरी निघा, अशी सूचना झाल्यावरही लोक बसून राहिले, आणि मग कित्येकांना जाता आलंच नाही. गार्डनच्या बाकांवर झोपून, तिथल्या ठेल्यांवरचे हॉट डॉग खाऊन त्यांनी पुढचे दिवस काढले. अंतिम सामना १ मार्चवर गेला. ज्या स्पर्धेतून राष्ट्रीय विजेतेपदाकडे कुठलीच वाट जात नाही, तिच्यासाठी माणसं जागची हलली नाहीत. यापेक्षा वेगळा पुरावा मला लागत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की बीनपॉट म्हणजे बॉस्टन युनिव्हर्सिटीची खासगी मेजवानी आहे. आकडे या आक्षेपाच्या बाजूने आहेत. २०२५पर्यंतच्या ७२ स्पर्धांपैकी ३२ एकट्या बॉस्टन युनिव्हर्सिटीने जिंकल्या, २० बॉस्टन कॉलेजने. हार्वर्डच्या वाट्याला ११ आणि नॉर्थईस्टर्नच्या ९. सन १९९४ ते २०१६ अशी सलग २३ वर्षं करंडक कॉमनवेल्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या या दोघांबाहेर गेला नाही. पण ही विषमताच दुबळ्याच्या विजयाला वजन देते. पहिल्या २७ स्पर्धांत नॉर्थईस्टर्नची पाटी कोरी होती. अठ्ठाविसाव्या खेपेला, फेब्रुवारी १९८०मध्ये, अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि वेन टर्नरच्या गोलने बॉस्टन कॉलेज हरलं. त्याच महिन्यात लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने सोव्हिएत संघाला नमवलं. त्या अमेरिकन संघात माइक इरुझिओनी, जिम क्रेग, जॅक ओ’कॅलाहन आणि डेव्ह सिल्क असे बॉस्टन युनिव्हर्सिटीचे चार जण होते, आणि चौघेही मॅसॅच्युसेट्सचेच. जगाला लेक प्लॅसिड आठवतं. नॉर्थईस्टर्नच्या हंटिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर टर्नरचं नाव आजही तितक्याच आदराने घेतात. फिरत्या पाहुण्यांच्या स्पर्धेत सत्तावीस पराभवांची थकबाकी साचलीच नसती. पुढे १९८८च्या विजयानंतर नॉर्थईस्टर्नने पुन्हा ३० वर्षं वाट पाहिली आणि २०१८मध्ये अ‍ॅडम गॉडेटच्या तीन गोलांवर बॉस्टन युनिव्हर्सिटीला ५-२ने हरवलं.

खेळाडू आता शहराचे राहिले नाहीत, हा दुसरा आक्षेप. तो खरा आहे. मॅक्लिन सेलिब्रिनी व्हँकूव्हरहून बॉस्टन युनिव्हर्सिटीत आला, एकच हंगाम खेळला आणि देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार घेऊन व्यावसायिक हॉकीत गेला. पण २०२४चा बीनपॉट त्याला मिळाला नाही. नॉर्थईस्टर्नने अंतिम सामना जादा वेळेत ४-३ असा जिंकला. खेळाडू चार वर्षांत किंवा एका वर्षात जातात. हिशेब प्रेक्षक ठेवतात, वाद्यवृंद ठेवतो, त्याच शहरात नोकरीला राहिलेले माजी विद्यार्थी ठेवतात. स्पर्धा त्यांची आहे.

एका आक्षेपापुढे मात्र माझा युक्तिवाद लंगडा पडतो. महिलांचा बीनपॉट १९७९ साली सुरू झाला. तेच चार संघ, तीच ईर्षा, पण सामने मात्र कॉलेजांच्या छोट्या रिंकवर. गार्डनच्या जागी आलेल्या टीडी गार्डनमध्ये महिलांचा अंतिम सामना व्हायला २०२४ उजाडलं. त्या संध्याकाळी दहा हजारांहून अधिक लोक आले आणि नॉर्थईस्टर्नने बॉस्टन युनिव्हर्सिटीला जादा वेळेत २-१ हरवलं. प्रेक्षक येणार नाहीत, ही सबब पंचेचाळीस वर्षं सांगितली गेली आणि एका रात्रीत खोटी ठरली. संघ चारच ठेवणं वेगळं आणि त्याच चार विद्यापीठांतल्या अर्ध्या खेळाडूंना मोठ्या मैदानापासून दूर ठेवणं वेगळं. पहिल्या गोष्टीने स्पर्धा घडवली, दुसरीने खेळाडूंच्या इतक्या पिढ्यांचं नुकसान केलं, आणि त्याची भरपाई होणार नाही.

आता प्रश्न हार्वर्डचा आहे. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही, तरी २०१७मध्ये २४ वर्षांनी त्यांनी करंडक परत नेला. पण २०२५-२६च्या हंगामापासून कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमधल्या खेळाडूंना अमेरिकेतल्या कॉलेज संघांचे दरवाजे खुले झाले आहेत, आणि खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या व्यवस्थेत आयव्ही लीग सामील झालेली नाही. अंतर वाढेल. मग प्रॉव्हिडन्स किंवा लोवेलसारखा जवळचा तगडा संघ हार्वर्डच्या जागी घ्या, अशी मागणी येईल; प्रॉव्हिडन्स तर २०१५चा राष्ट्रीय विजेता आहे. गुणवत्तेवर ही मागणी रास्तच ठरेल, आणि तरीही ती फेटाळली पाहिजे. हाच नियम १९७९मध्ये लावला असता तर सत्तावीस वेळा हरलेलं नॉर्थईस्टर्न सर्वांत आधी बाहेर गेलं असतं.